अंगावर काढलेला घसा

अकरावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांत 'अंगावर काढणे' ह्या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा असा प्रश्न आला, की मुले हमखास लिहितात, 'आईने ताप अंगावर काढला.' गेली अठरा वर्षे मी हे गठ्ठे तपासते आहे. पण बाबांनी ताप अंगावर काढल्याचे एकदाही वाचल्याचे आठवत नाही! बाबांना ताप आला की घरात सुंठीचा वास सुटतो, रेडिओचा आवाज बारीक होतो, आणि थर्मामीटर शोधण्यात दोन माणसे गुंततात. ते असो. सांगायचे ते हे, की आपल्या भाषेत हा वाक्प्रचार निंदेचा नाही, कौतुकाचा आहे. 'तिने दुखणे अंगावर काढले हो,' असे म्हणताना म्हणणाऱ्याचा आवाज किंचित ओला होतो. डॉक्टर नाही, गोळी नाही, रजा नाही. माणूस उभ्याने दुखणे जिरवतो आणि वर पोळ्याही लाटतो.

मोठ्यांनी आपल्या अंगावर काय काढावे ह्यात मी पडत नाही. पण लेकरांचे दुखणे त्यांच्या अंगावर काढण्याची जी एक रीत आपल्या शहाण्यासुरत्या घरांत आहे, तिच्याविषयी मला ह्या वर्षीच्या सदरात लिहायचे आहे. आणि तेही सगळ्या दुखण्यांविषयी नव्हे. एका साध्या, रोजच्या, कोणी फारसे मनावर न घेणाऱ्या घशाविषयी.

दिवाळीच्या आगेमागे घसा धरला नाही असे मूल विरळा. लगेच घरात खटला उभा राहतो. पहिली आरोपी चकली, कारण तिचे तेल. दुसरा फटाक्यांचा धूर. तिसरे फ्रिजमधले पाणी. आणि सर्व पुरावे तोकडे पडले तर पहाटेचे अभ्यंगस्नान. शिक्षा मात्र ठरलेली असते, ती म्हणजे मीठ-हळदीच्या गुळण्या. आमच्या सासूबाईंजवळ ह्या बाबतीत एक संपूर्ण भांडार आहे. ज्येष्ठमध, खडीसाखर, आल्याचा रस आणि मध, तुळशीचा काढा, ओव्याची पुरचुंडी. त्यांची मी मुळीच टवाळी करणार नाही. कोमट पाण्याच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो हे डॉक्टरही मान्य करतात, आणि दहा दुखऱ्या घशांपैकी सात-आठ घशांना त्याहून अधिक काही लागतही नाही. ते घसे विषाणूंनी दुखतात. तीन-चार दिवस नाक वाहते, खोकला येतो, मूल चिडचिड करते आणि मग आपोआप बरे होते. त्यांना अँटिबायोटिक देणे म्हणजे पावसाला काठीने हाकलण्यासारखे आहे. पाऊस थांबतो, आणि श्रेय काठीला मिळते.

प्रश्न आहे तो उरलेल्या दोन-तीन घशांचा.

ह्या दोन-तीन घशांत बहुतेक वेळा जो जंतू घर करतो त्याचे नाव स्ट्रेप्टोकॉकस. नाव जरा दाताखाली येते, पण शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला ते फार आवडले. ग्रीक भाषेत 'स्ट्रेप्टॉस' म्हणजे पिळलेले, आणि 'कॉकस' म्हणजे दाणा. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू एकापुढे एक, पीळ दिलेल्या माळेतल्या दाण्यांसारखे दिसतात. 1874 साली व्हिएन्नाचे शल्यविशारद बिलरोथ ह्यांनी हे नाव ठेवले. (हे गृहस्थ संगीतकार ब्राम्सचे जिवलग मित्र, जंतूचे नाव इतके सुरेख पडले ते उगीच नाही.) पुढे 1933 साली अमेरिकेतल्या रिबेका लॅन्सफील्ड ह्या विदुषींनी ह्या माळांचे अ, ब, क असे गट पाडले. मुलांच्या घशातला आपला जंतू 'अ' गटातला, म्हणजे वर्गातला पहिला नंबर.

तीन वर्षांपूर्वी, माझा मुलगा दुसरीत असताना, ही ओळख आमच्या घरी झाली. दुपारपर्यंत हुंदडणारा पोरगा संध्याकाळी तापाने फणफणला. घोट गिळताना डोळ्यांत पाणी. डोके दुखते म्हणाला, पोट दुखते म्हणाला, एकदा ओकलाही. पोटदुखीवरून सासूबाईंनी शंकरपाळ्यांच्या डब्याकडे बोट दाखवले. आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे. नाडी हातात घेऊनच बोलायला सुरुवात करतात. त्यांनी विचारले,

"खोकला आहे का?"

"नाही."

"नाक वाहते आहे?"

"तेही नाही. तेवढे बरे आहे म्हणायचे."

"बाई, खोकला असता तर मी जास्त निर्धास्त झालो असतो," असे म्हणून त्यांनी बॅटरी काढली. टॉन्सिल लालबुंद, त्यांच्यावर पांढरट ठिपके, टाळूवर बारीक तांबडी रांगोळी, आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना हात लावू न देणाऱ्या गाठी. त्यांनी कापसाची काडी घशात फिरवून तपासणीला पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आल्यावर दहा दिवसांचे औषध लिहून दिले. पेनिसिलीनच्याच कुळातले, साधे, स्वस्त.

तिसऱ्या दिवशी चिरंजीव गच्चीवर क्रिकेट खेळत होते. आता घराघरांतून जे घडते ते आमच्याही घरी घडायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "पोर ठणठणीत झाले की गं. आता कशाला पोटात ते विष घालतेस?" ह्यांचेही मत पडले की उरलेले औषध ठेवून द्यावे, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. (आपल्या प्रत्येक घरात असा एक बिस्किटांचा जुना डबा असतो. त्यात अर्ध्या पत्त्या, चिकट झालेल्या बाटल्या आणि एक हरवलेले बटण असते.) मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जे सांगितले त्याने माझे त्या दुखण्याकडे पाहण्याचे डोळेच बदलले. ते म्हणाले, "बाई, ते औषध घशासाठी नाहीच. घसा औषधाशिवायही आठवड्याच्या आत बरा झाला असता. ते औषध त्याच्या हृदयासाठी आहे."

हे वाक्य मला नीट समजायला बराच वेळ लागला, म्हणून ते जरा सावकाश सांगते.

ह्या जंतूच्या अंगावर जी प्रथिने असतात त्यांतली काही आपल्या हृदयातल्या आणि सांध्यांतल्या प्रथिनांसारखी दिसतात. शरीराचे रक्षक जंतूंना ओळखून त्यांच्यावर तुटून पडतात ते ठीकच. पण काही मुलांच्या बाबतीत त्यांची गल्लत होते. चोराच्या अंगात होता तसाच सदरा घरातल्या माणसाच्या अंगात दिसला, की ते त्यालाही बडवतात. ही मारामारी घसा दुखत असताना होत नाही. घसा बरा होतो, मूल शाळेत जाऊ लागते, सगळे विसरून जातात, आणि दोन-तीन आठवड्यांनी अचानक ताप येतो व गुडघा सुजतो. दोन-चार दिवसांनी गुडघा उतरतो आणि घोटा धरतो. घोटा सुटतो तो कोपर धरते. ह्याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. पाच ते पंधरा हे त्याचे आवडते वय. उपचार न झालेल्या प्रत्येक घशामागून तो येतो असे नाही, हे घाबरट आयांसाठी मुद्दाम सांगते. साथीच्या दिवसांत, दाटीवाटीच्या जागी, शंभरांत तीनपर्यंत हे प्रमाण गेलेले आहे. एरवी त्याहून कमी. पण ज्याच्या घरात तो येतो त्याला शंभराचा हिशोब सांगून उपयोग नसतो.

एकोणिसाव्या शतकातले लासेग नावाचे फ्रेंच वैद्य ह्या तापाविषयी सांगत, की तो सांध्यांना नुसता चाटून जातो, पण हृदयाला चावतो. ह्याहून नेमके मला काही सांगता येणार नाही. सांधे महिन्याभरात पूर्ववत होतात, मागे खूणही राहत नाही. हृदयाच्या झडपांना मात्र जे व्रण पडतात ते राहतात, आणि ताप पुन्हा आला की त्यांच्यावर नवे पडतात.

इथे आपली मराठी भाषाही थोडी आड येते. डॉक्टर 'संधिवाताचा ताप' म्हणाले, की घरच्यांच्या डोळ्यांपुढे काठी टेकणारे आजोबा उभे राहतात. नऊ वर्षांच्या मुलीला संधिवात कसला, म्हणून तो शब्द हसण्यावारी जातो. दुसरा शब्द 'वाढीच्या कळा'. फार गोड शब्द आहे, आणि पुष्कळदा खराही असतो. पण वाढीच्या कळा रात्री येतात, दोन्ही पायांच्या पोटऱ्यांत किंवा मांड्यांत येतात, तेल चोळले की मूल झोपते आणि सकाळी पळत सुटते. सांधा सुजला, गरम लागला, पांघरुणाचा स्पर्शही सोसेना, आणि जोडीला ताप असला, तर ती वाढ नव्हे. तिथे तेलाची वाटी बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जावे.

आणखी एक गोष्ट माझ्या पेशाशी संबंधित आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. काही मुलांना, त्यांतही मुलींना अधिक, घसा दुखून गेल्यावर चार-सहा महिन्यांनीही एक विचित्र दुखणे जडते. हातातला पेला पडतो, वेणी घालता येत नाही, तोंड वेडेवाकडे होते, हातपाय आपोआप हालतात, उगीच रडू येते. सतराव्या शतकात इंग्लंडच्या सिडनहॅम ह्यांनी ह्या चळवळीचे वर्णन केले, आणि तिला अजून त्यांचेच नाव आहे. घशाचा आणि ह्याचा संबंध घरात कोणाच्या स्वप्नातही येत नाही. शाळेत ह्या दुखण्याची पहिली खूण दिसते ती अक्षरात. काल-परवापर्यंत मोत्यासारखे असलेले अक्षर ओळ सोडून धावू लागते. आम्ही शिक्षक मंडळी काय करतो? वहीवर लाल शाईने 'अक्षर सुधारा' असा शेरा मारतो. चाळे करते म्हणून पोरीला बाकावर उभेही केले जाते. ज्या शिक्षिका आणि शिक्षक हे सदर वाचत असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की अक्षर एकाएकी बिघडले तर शेरा मारण्याआधी पालकांना बोलावून घ्यावे.

आता ज्या मुलीमुळे मी हा विषय घेतला तिच्याविषयी. ती आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात होती. एकोणीस वर्षांची, हुशार, वाचनाची ओढ असलेली. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. ती रोज पाच मिनिटे उशिरा येई आणि दारात क्षणभर चौकटीला धरून उभी राही. एकदा मी तिला उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. तिचे उच्चार स्वच्छ, पण ती वाक्याच्या मध्येच थांबत होती, जिथे स्वल्पविराम नाही अशा जागी. पंचवीस ओळींच्या उताऱ्यात ती किती वेळा थांबली हे मोजायचे माझ्या मनात नव्हते, तरी मी मोजत गेले. तास संपल्यावर विचारले तर म्हणाली, "बाई, मला अशक्तपणा आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत." दोन वर्षे चालू होत्या!

पुढच्याच आठवड्यात ती एका चांगल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग टू-डी एको झाला. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, जी मोठ्या माणसात दोन बोटे जातील एवढी उघडते, ती आक्रसून जेमतेम पेन्सिल जाईल एवढी उरली होती. तिची आई मला भेटायला आली तेव्हा आठवून आठवून सांगत होती. सहावीत असताना गुडघे सुजले होते. महिनाभर शाळा बुडाली. त्यांच्या गावच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, चार दिवसांत सूज उतरली, सगळे खूश झाले. घशाचे काही आठवते का? नाही, घशाचे काही आठवत नव्हते. घसा काय, दर पावसाळ्यात दुखतो. मग माउली खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, छातीवर टाक्यांचा वण राहील का हो? पुढे तिचे लग्न..." मला तिचा राग आला नाही. एकुलत्या मुलीची आई आणखी काय विचारणार?

वण राहिला नाही. पूर्वी ही झडप उघडायला छाती उघडावी लागे. 1925 साली लंडनमध्ये सूटर ह्या शल्यविशारदांनी एका मुलीच्या हृदयात बोट घालून ती प्रथम मोकळी केली, आणि नंतर जवळजवळ वीस वर्षे तसे धाडस फारसे कोणी केले नाही. 1982 साली जपानच्या इनोऊए ह्यांनी एक युक्ती काढली. जांघेतल्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा आणि चिकटलेल्या पाकळ्या सोडवायच्या. त्या मुलीची झडप अशीच उघडली. चौथ्या दिवशी ती घरी आली. सगळ्यांचे काम फुग्याने भागत नाही. काहींना झडपच बदलावी लागते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली भारतीय झडप 1990 सालापासून बसवली जाते आहे. पण झडप कितीही चांगली असली तरी ती बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि त्या माणसाला जर पुढे आई व्हायचे असेल, तर ती गोळी ही एक वेगळीच चिंता होऊन बसते.

पाश्चात्त्य देशांत ही झडप आक्रसायला वीस-तीस वर्षे लागतात असे पुस्तकांत लिहिलेले असे. 1963 साली दिल्लीच्या डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले, की आपल्याकडे विशीच्या आतच मुलामुलींच्या झडपा पार आक्रसलेल्या सापडतात. आजही जगात सुमारे चार कोटी माणसे असली हृदये घेऊन वावरत आहेत, आणि त्यांतला फार मोठा वाटा आपल्या देशाचा आहे.

ह्या सगळ्यातली चीड आणणारी गोष्ट अशी, की ह्याचे उत्तर सापडून सत्तर वर्षे उलटून गेली आहेत. 1949 च्या सुमारास अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या एका लष्करी तळावर तरुण शिपायांमध्ये ह्या घशाची साथच चाले. डॉ. रॅमलकॅम्प, डॉ. डेनी आणि त्यांच्या मंडळींनी तिथे घसा दुखणाऱ्यांना पेनिसिलीन दिले आणि नंतर कोणाला ऱ्हुमॅटिक ताप येतो ते पाहिले. औषध मिळालेल्यांमध्ये तो जवळजवळ दिसेनासा झाला. पुढे हेही कळले, की घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केले तरी बचाव होतो. नऊ दिवस! इतकी सवड देणारी दुखणी फार थोडी असतात. आणि पेनिसिलीन काही सातासमुद्रापार राहिले नाही. 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला त्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. मोठी नवलाची गोष्ट ही, की इतकी वर्षे वापरूनही हा 'अ' गटातला जंतू पेनिसिलीनला बधत नाही असे अजून झालेले नाही. बाकीचे जंतू शिरजोर झाले. हा मात्र अजून पहिल्या इंजेक्शनलाच नमतो.

काही माणसांना पेनिसिलीन सोसत नाही, आणि क्वचित ते जिवावरही बेतते. म्हणून ते डॉक्टरांच्या हातूनच घ्यावे, दुकानदाराला विचारून नव्हे. न सोसणाऱ्यांना दुसरी औषधे आहेत. आणि घशानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत मुलाचा चेहरा सुजला, लघवी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी झाली, तर तो मूत्रपिंडांचा प्रश्न असतो. तो बहुतेक मुलांत बरा होतो, पण दाखवायला उशीर करू नये.

आमच्या त्या विद्यार्थिनीला आता दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. दाट, पांढरे, टोचले की दोन दिवस बसू न देणारे. ताप पुन्हा येऊ नये म्हणून ते कित्येक वर्षे चालू ठेवायचे. तिने कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. एकदा खूण नेमकी पेपरच्या दिवशी आली, तर ती सकाळी टोचून घेऊन आली आणि तीन तास एका बाजूला कलून लिहीत बसली. वर्गात आता ती दोन मिनिटे आधीच येते.

हा रोग मुख्यतः दाटीचा आहे. एका खोलीत सहाजण झोपले, की एकाचा घसा सगळ्यांचा होतो. त्यामुळे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या ऐसपैस घरांत तो कमी येतो हे खरे. पण आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींच्या घरी तो सहज येऊ शकतो. गेल्या बुधवारी त्या उशिरा आल्या. नातवाचा घसा दुखत होता म्हणाल्या; नऊ वर्षांचा पोरगा, शनिवारपासून तापलेला, गिळता येत नव्हते. "खोकला?" मी विचारले. नव्हता. "पण काल ताप उतरला हो. आता कशाला दवाखाना? खाडा पडतो आणि रांगेत दिवस जातो."

मी त्यांना नऊ दिवसांचे सांगितले. त्यांनी ओल्या हाताची बोटे मोजली. शनिवार, रविवार, सोमवार...

"मग येत्या रविवारपर्यंत वेळ आहे की ताई."

"रविवारी दवाखाना बंद असतो, मावशी. उद्या सकाळी जा. भांडी मी घासते."

त्या गेल्या. काडी घालून तपासायची सोय त्या पालिकेच्या दवाखान्यात नव्हती. पण तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी घसा पाहून, गाठी चाचपून, दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पत्त्या मावशींच्या पिशवीतच असतात. रोज आल्या की त्या मला दाखवतात, आणि उरलेल्या गोळ्या आम्ही दोघी मिळून मोजतो. आज पाच दिवसांच्या उरल्या आहेत.